पेस्ट, चुना आणि वीस अंश: एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही लिहिलंय की साफसफाई, पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) आणि वायफायसाठी मशीन दिलं, ८५० रुपये मोजले, आणि घरी नेल्यावर ४२ वर असणारा प्रोसेसर नुसता चालू ठेवला तरी ६२ दाखवतो. पंखा तरीही वेग घेत नाही, म्हणजे तोही आम्ही बिघडवला. दोन दिवस फोन उचलला नाही. आणि शेवटी, ‘पेस्टच्या नावाखाली चुना लावला, पैसे परत करा.’

फोनचं आधी सांगतो. त्यातला एक दिवस १ नोव्हेंबर, म्हणजे काळा दिन होता. त्या दिवशी बेळगावात आपली दुकानं उघडी नसतात, हे उद्यमबागेत कारखाना चालवणाऱ्याला मी काय सांगू? दुसरा दिवस रविवार. तरी सोमवारी आपणहून फोन करायला हवा होता, तो राहिला.

आता ते वीस अंश. तुमचा प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ७ १७००एक्स. या चिपमध्ये तापमानाचे दोन आकडे असतात. एक टी-डाय, म्हणजे चिपचं खरं तापमान. दुसरा टी-सीटीएल, म्हणजे पंखा किती फिरवायचा हे ठरवण्यासाठीचा आकडा. एएमडीने १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्स या तिघांत हा दुसरा आकडा मुद्दाम २० अंशांनी चढा ठेवलाय. एएम४ सॉकेटमध्ये बसणाऱ्या सगळ्या प्रोसेसरांचे पंखे एकाच हिशेबाने चालावेत म्हणून. २७००एक्सला हीच वाढ १० आहे, आणि साध्या १७०० ला काहीच नाही.

तुमच्या मिंट २० या लिनक्सवर ५.४ कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, होता. त्यातला तापमान वाचणारा के१०टेम्प ड्रायव्हर पहिल्या नंबरला टी-डाय द्यायचा, दुसऱ्याला टी-सीटीएल. पुढच्या कर्नलांत ही अदलाबदल झाली, कारण एएमडीच्या जुन्या प्रोसेसरांत पहिला नंबर टी-सीटीएलचाच होता. तुमच्या पॅनेलवरचा तो छोटा तापमापक नाव वाचत नाही, डोळे मिटून पहिला नंबर उचलतो. काल तिथे ४२ होते, आज ६२ आहेत. चिप होती तेवढीच गरम आहे.

मग कर्नल बदलला कुणी? मी. तुम्ही आणलेल्या वायफाय कार्डावर मीडियाटेकची ७९२१ चिप होती. तिचा ड्रायव्हर ५.१२ पासून पुढेच मिळतो, म्हणून ५.१५ टाकला. वायफाय लागला आणि मी जॉब कार्डवर ‘वायफाय चालू केला’ एवढंच खरडलं. कर्नल बदलल्याचं ना लिहिलं, ना तोंडी सांगितलं. ही चूक माझी, तिला सबब नाही. मशीन परत नेल्यावर मालकाला आधी आकडाच दिसतो. तुमच्या जागी मी असतो तर मीही दुकानदारालाच धरलं असतं.

पण पेस्टवरचा आरोप मला मान्य नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच तक्रारीत आहे. पेस्ट खराब असली तर मशीन रिकामं असताना फरक थोडाच दिसतो. प्रोसेसर जितके जास्त वॉट ओढेल तितका तो वाढत जातो. तुमचा फरक मात्र रिकामं असतानाच नेमका वीस आहे. मशीन द्यायच्या आधी मी आठही कोअर अर्धा तास राबवले होते, कार्डच्या मागे आकडे आहेत: टी-डाय ६८, टी-सीटीएल ८८. तिथेही वीसच. पंख्याचंही तसंच. तो लिनक्सला विचारून फिरत नाही, मदरबोर्ड त्याला टी-सीटीएलवरून चालवतो आणि तो आकडा पूर्वीही चढाच होता. खरंच वीस अंश वाढले असते तर पंख्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

घरबसल्या खात्री करायची असेल तर टर्मिनल उघडून ‘सेन्सर्स’ (इंग्रजीत sensors) टाइप करा, दोन्ही ओळी नावानिशी दिसतील. त्यावरही विश्वास नसेल तर मशीन चालू होताना एस्केप पुन्हापुन्हा दाबा किंवा शिफ्ट दाबून धरा, प्रगत पर्यायांत जुना ५.४ मी ठेवलाय, त्यावरून सुरू करा. वायफाय जाईल, पण ४२ परत येतील. तीच पेस्ट, तोच पंखा.

जाता जाता, तुमच्या कूलरच्या पात्यांतून फाउंड्रीची काळी धूळ चहाचा अर्धा कप भरेल इतकी निघाली. लोखंडाचा अंश असलेली धूळ बोर्डावर बसणं बरं नव्हे. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा, पुढच्या खेपेला माझं बिलही कमी होईल.

पैसे परत देत नाही, काम झालेलं आहे. पण मशीन घेऊन या. तुमच्यासमोर कूलर उघडतो. खाली जुनी, वाळलेली पेस्ट निघाली तर ८५० तिथल्या तिथे परत. नवी निघाली तर पुन्हा लावायचे पैसे घेणार नाही, आणि पॅनेलवरचा तापमापकही टी-डायवर लावून देतो. पेस्ट पांढरी असते हे कबूल, चुना मात्र पानवाल्याकडेच मिळतो.

शहापूरचं दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं, त्याच्या आधी या. येताना जॉब कार्डाची तुमची प्रत आणा, त्यावर कर्नलची ओळ लिहून सही करायची आहे.