डब्यावरचं क्रियापद

इंजिन ऑइलच्या डब्याची पुढची बाजू कवीने लिहिलेली असते आणि मागची वकिलाने. पुढे चकाकणारा पिस्टन, त्याभोवती सोनेरी लाटा आणि 'अल्ट्रा', 'टर्बो', 'मॅक्स', 'प्रो' अशी विशेषणांची वरात. मागे मुंगीलाही चष्मा लागेल एवढ्या अक्षरांत आकडे, तिरप्या रेघा आणि टिंबं. गाडीच्या कामाचं जे काही असतं ते वकिलाच्या बाजूलाच असतं, आणि त्यातही सगळं अडलेलं असतं एका क्रियापदावर. पण तिथवर पोचायचं तर आधी बरंच व्याकरण तुडवावं लागतं.

पहिला सामासिक शब्द: ५डब्ल्यू-३०. यातला डब्ल्यू 'वेट'चा समजून वजनाचा हिशोब मांडणारे पुष्कळ आहेत. तो 'विंटर'चा आहे. ५डब्ल्यू म्हणजे उणे ३० अंशाला इंजिन फिरवताना तेल ठरलेल्या मर्यादेपेक्षा घट्ट होत नाही. ०डब्ल्यू हीच परीक्षा उणे ३५ अंशाला देतं, १०डब्ल्यू उणे २५ला. पुढचा ३० म्हणजे तापमानही नव्हे आणि टक्केही नव्हेत. १०० अंशाला तेलाची श्यानता ९.३ सेंटीस्टोक किंवा जास्त पण १२.५च्या आत असली, की त्याला ३० म्हणायचं. १२.५ ते १६.३ असेल तर ४०. (श्यानता हा शब्द शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच भेटला असेल तर खुशाल दाटपणा म्हणा, इंजिन रागावत नाही.)

इथवर आलेल्या माणसाला वाटतं, जिंकलो. गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३०, डब्यावर ५डब्ल्यू-३०, चला घरी. पण हे झालं तेलाचं आडनाव. एका आडनावाची दोन माणसं एका घरातली असतीलच असं नाही. बेअरिंगच्या फटीत तेल १५० अंशाला चेपलं जातं तेव्हा किती दाट उरतं, याची वेगळी चाचणी असते. तिचं नाव एचटीएचएस. ३०च्या तेलाने त्यात किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद मिळवले की ते पास. मात्र काही इंजिनांना ३.५ किंवा जास्तच हवं असतं आणि काही इंजिनं इंधन वाचवायला मुद्दाम त्याखालचं मागतात. दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरांत ५डब्ल्यू-३०च. त्यातला एक तुमच्या इंजिनाचा सोयरा, दुसरा नुसता आडनावबंधू.

मग येतात तेलांचे दर्जे ठरवणाऱ्या संस्था. अमेरिकेतल्या एपीआय या पेट्रोलियम संस्थेचा कारभार जिन्यासारखा आहे. पेट्रोल इंजिनांच्या तेलांसाठी एस हे अक्षर आणि पुढे एकेक पायरी: २००१ साली एसएल, २००४ला एसएम, २०१०ला एसएन, २०२०ला एसपी. मधली काही अक्षरं त्यांनी गाळली, पण वरच्या पायरीवरचं तेल खालच्यांना चालतं एवढं लक्षात ठेवलं की पुरे. युरोपातल्या एसीइएचं, म्हणजे गाड्या बनवणाऱ्यांच्या संघटनेचं, मात्र तसं नाही, आणि नेमका तिथेच हुशार माणूस आपटतो. तिचे सी२, सी३, सी५ हे तेलांचे वर्ग पायऱ्या नव्हेत, खोल्या आहेत. सी५ म्हणजे सी३हून दोन इयत्ता पुढे असं समजून जो सी५ ओततो, तो एचटीएचएसला ३.५ मागणाऱ्या इंजिनाला २.६ ते २.९चं पातळ तेल पाजतो. इंजिन लगेच तक्रार करत नाही. ते मनात ठेवतं.

'सी'च्या या सगळ्या खोल्या राखेच्या भीतीने बांधलेल्या आहेत. तेलातल्या धातूंच्या संयुगांची, म्हणजे झीज रोखणाऱ्या आणि मळ धुणाऱ्या रसायनांची, जळल्यावर राख होते. डिझेल गाडीच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, साचलेली काजळी तापवून जाळता येते. राख जळत नाही, ती कायमची मुक्कामाला येते. म्हणून सी३ तेलात सल्फेटेड राखेला ०.८ टक्क्याची मर्यादा, तर एसीइएच्याच ए३/बी४ या जुन्या वळणाच्या तेलात ती १.६ टक्क्यांपर्यंत चालते. मग कमी राखेचं तेल सगळ्यांनाच का देऊ नये? कारण राख करणारी तीच रसायनं इंधनातल्या गंधकापासून होणारं आम्लही मारतात. ती कमी केली की गंधकवाल्या इंधनावर तेल लवकर दमतं. म्हणजे इथे 'जास्त आधुनिक' म्हणजे 'जास्त चांगलं' असा सरळ हिशोब नाही, आणि महाग डबा घेऊन प्रश्न सुटेल असं मानणाऱ्यांची तर फारच पंचाईत.

आता खरे मानकरी, गाडीचे कारखाने. त्यांना एपीआय आणि एसीइए ठीक वाटतात, पण पुरेसे वाटत नाहीत, म्हणून प्रत्येकाची स्वतंत्र लिपी. फोक्सवॅगन ५०४ ००/५०७ ००. मर्सिडीज-बेंझ २२९.५१. बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४. जनरल मोटर्सचं डेक्सॉस. फोर्डचं तर डब्ल्यूएसएस-एम२सी९१३-डी; हे तेलाचं नाव आहे की कुणी कीबोर्डवर कोपर टेकवलं, ते पाहणाऱ्याने ठरवावं. यातही मोठा आकडा म्हणजे बढती नव्हे. फोक्सवॅगनचं ५०८ ००/५०९ ०० हे ०डब्ल्यू-२० आणि एचटीएचएसला पातळ. ते ५०४ ०० मागणाऱ्या इंजिनात ओतायचं नसतं. पण हे आकडे पोकळ डौल मात्र नव्हेत. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट तेलातच फिरतो. त्याला न मानवणारं तेल पडलं तर रबराचे कण सुटतात, पंपाच्या चाळणीत अडकतात आणि तेलाचा दाब पडतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, त्याची ही उलटी बाजू: औषध चुकलं म्हणूनच रोग.

आणि आता क्रियापद. डब्यामागे कारखान्याच्या आकड्याआधी काय लिहिलंय ते वाचा. 'अप्रूव्हल' किंवा 'अप्रूव्ह्ड' असेल तर कारखान्याने ते तेल तपासून कागदावर हो म्हटलेलं आहे. 'मीट्स द रिक्वायरमेंट्स ऑफ' असेल तर निकष पाळल्याचं तेल बनवणारा स्वतःच सांगतोय. कदाचित खरंही असेल, पण ते स्वतःच्या पेपरावर स्वतः दिलेले गुण आहेत. 'रेकमेंडेड फॉर' म्हणजे ओतून बघा. 'सूटेबल फॉर यूज' म्हणजे ओतून बघा आणि आमचं नाव सांगू नका. एकाच डब्यावर वर 'अप्रूव्हल'खाली दोन आकडे आणि खाली 'मीट्स'मध्ये आठ, असंही सर्रास असतं, आणि आपला आकडा हटकून त्या आठांत निघतो. शंका आली तर यादी बघावी: मर्सिडीज-बेंझ मान्यता दिलेल्या तेलांची यादी नावानिशी जाहीर करते, आणि डेक्सॉसच्या डब्यावर परवान्याचा क्रमांक छापलेला असतो. 'सगळ्या गाड्यांना हेच चालतं' हे वाक्य मात्र कुठल्याच यादीत नाही. त्यात क्रियापद आहे, पण चालवून कुणी पाहिलं त्याचा पत्ता नाही.

तेव्हा क्रम उलटा ठेवावा. आधी पुस्तिकेतून कारखान्याचा आकडा, मग एसीइए किंवा एपीआय, आणि ५डब्ल्यू-३० सगळ्यात शेवटी. पुस्तिकेत एकाहून जास्त दाटपणा दिले असतील तर हवामान बघून निवड करायची. त्याच पानावर तेल किती लागतं तेही असतं, शेजारी 'फिल्टरसह', म्हणजे फिल्टरही बदलला तर, असा बारीक शब्द. तो न वाचता ओतणाऱ्याचं तेल वर जातं, क्रँकशाफ्ट त्याला घुसळतो, फेस होतो आणि फेसाला वंगण म्हणत नाहीत. म्हणून सांगितल्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, गाडी सपाटीवर ठेवून थोडं थांबा आणि मग डिपस्टिक बघत थेंबाथेंबाने पुढे सरका. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत बहुतेक गाड्यांत साधारण लिटरभर फरक असतो. डीपीएफवाल्या डिझेल गाडीत हीच पातळी न ओतता वाढली तर खूश होऊ नका: अर्धवट राहिलेल्या काजळी-जाळणीतलं डिझेल तेलात उतरतंय.

फिरवून बसणारा फिल्टर असेल तर त्याच्या रबरी कडीला नव्या तेलाचं बोट लावा, कडी टेकेपर्यंत हाताने आवळा आणि पुढे साधारण पाऊण फेरा. पाना घेऊन ताकद दाखवायची हौस पुढच्या वेळी तो काढताना फिटते. आणि ड्रेन प्लगचं, म्हणजे जुनं तेल सोडायच्या बुचाचं, वॉशर नवं घाला. जुनंच चेपलेलं वॉशर परत बसवलंत, तर एवढी पानं चाळून, भिंग लावून, 'अप्रूव्हल' शोधून आणलेलं ते तेल जमिनीला वंगण देत राहील, आणि जमिनीने कुठलाच आकडा मागितलेला नसतो.