वर्कशॉपमधली ठिपकी: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया कळकळीने लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पुण्याजवळ नऱ्ह्यातल्या आमच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये पावसाळ्यात प्लायच्या थप्पीमागे मांजराचं पिल्लू सापडलं आणि ठिपकी असं नाव देऊन आम्ही ते तिथेच ठेवून घेतलं, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की मांजर पाळायचं तर घरात पाळावं, जमत नसेल तर शेल्टरला द्यावं. मशिनं, केमिकल आणि भटकी कुत्री यांच्यामध्ये पिल्लू ठेवणं म्हणजे उंदरांसाठी फुकटचा चौकीदार ठेवणं. शिवाय दिवाळीत शटर खाली आल्यावर तिचं काय, हेही तुम्ही विचारलंत.

उंदरांसाठी तिला ठेवलेलं नाही. आमच्याकडे त्रास आहे तो घुशींचा, आणि किलोभर वजनाच्या घुशीच्या वाटेला शहाणं मांजर जात नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात कचऱ्याच्या एका केंद्रात संशोधकांनी अडीच महिन्यांहून जास्त काळ कॅमेरे लावून पाहिलं होतं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा तिथल्या मांजरांनी मारलेले उंदीर भरले दोन. घुशींसाठी आम्ही पिंजरे लावतो. विषाच्या वड्या मात्र पूर्ण बंद केल्या, कारण विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर तेच विष तिच्या पोटात जातं.

केमिकलची तुमची भीती शंभर टक्के खरी आहे, आणि ती फक्त वर्कशॉपपुरती नाही. माणसाचं यकृत जे पदार्थ सहज निकामी करून बाहेर टाकतं, त्यातले कितीतरी मांजराच्या यकृताला पेलत नाहीत. त्यासाठी लागणारं एन्झाइम तिच्याकडे फारच कमी असतं. म्हणून तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. काळं फिनेल, पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकं, कुत्र्याच्या गोचिडांवरची परमेथ्रिनची औषधं, सगळ्यांची तीच गत. मांजर ही औषधं मुद्दाम पीत नाही. पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालते, मग बसून एकेक पंजा निवांत चाटते, आणि फरशीवरचं सगळं पोटात जातं. तुमच्या-माझ्या कितीतरी घरांत रोज सकाळी फिनेलचा पोछा मारला जातो, हे कृपया लक्षात घ्या.

वर्कशॉपमध्ये फिनेल बंद झालं, फरशी आता साध्या साबणाच्या पाण्याने पुसतो. थिनर, पॉलिश आणि वाळवीचं औषध दार लागणाऱ्या खोलीत गेलं. पॉलिशचं काम तिथेच होतं आणि ते वाळेपर्यंत दार उघडायचं नाही, हे मिस्त्रींनी स्वतःहून ठरवलं. पंजाला काही चिकटलंच तर थिनरचा बोळा लावायचा नाही; खायचं तेल चोळून ते सुटं करायचं आणि मग साबणाने धुवायचं, हे आमच्या सगळ्यात लहान हेल्परलाही पाठ आहे. शी-शूच्या ट्रेमध्ये वाळू असते. एवढा भुसा पडलेला असताना वाळू कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. प्लाय-एमडीएफच्या भुशात फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाचा गोंद असतो आणि धूळ इतकी बारीक, की आम्हीसुद्धा मास्क लावतो.

कटर सुरू झाला की ती कुठे असते? माळ्यावर. मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात तुकड्या-तुकड्यांतून भिंतीला पायऱ्या ठोकून दिल्या. स्विचकडे हात गेला की ठिपकी पायऱ्या चढू लागते, आणि ती वर दिसल्याशिवाय बटण दाबायचं नाही असा नियम आहे. रात्री ती केबिनमध्ये असते, खिडकीला जाळी, आत पाणी. बाहेरची कुत्री आणि पार्क केलेल्या टेम्पोचं गरम इंजिन, दोन्हींपासून वाचवायचं तर रात्री आत घेण्याला पर्याय नाही. गार हवेत मांजरं उबेसाठी बॉनेटखाली शिरतात आणि सकाळी सेल्फ मारला की संपलं.

घरी का नेली नाही? माझ्या आईला दमा आहे. इतकंच कारण आहे आणि ते पुरेसं आहे. शेल्टरबद्दल म्हणाल, तर तिथे राबणाऱ्या माणसांबद्दल मला आदरच आहे. पण लस न झालेलं पिल्लू खूप मांजरांच्या गर्दीत सोडायला डॉक्टर कचरत होते. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाचा विषाणू एखाद्या जागेत वर्षभर तग धरू शकतो आणि पिल्लांना तो फार वेगाने नेतो. आता ठिपकीचे, याच रोगापासूनही वाचवणाऱ्या तिहेरी लसीचे डोस झालेत, तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लसही दिली. रेबीजची लस तिच्याइतकीच वर्कशॉपमधल्या आमच्या मुलांसाठीही आहे, कारण ती दिवसभर त्यांच्या मांडीवर असते.

तुम्ही न विचारलेलं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं एक सांगतो. ठिपकी तीनरंगी आहे, आणि तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. वर्कशॉपला मांजर ठेवणारे बहुतेक लोक दूधभात घालतात आणि नसबंदीचं ऑपरेशन टाळतात. वर्षाच्या आत तिथे पिल्लांची रांग लागते आणि मग पोत्यात घालून ती लांब सोडली जातात. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ठिपकीच्या ऑपरेशनची तारीख घेतलेली आहे. दूधही देत नाही. गाईचं दूध बहुतेक मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. पिल्लांच्या जुलाबाला कितीदा तेच कारण असतं.

आता दिवाळी. कारागीर गावाला जातात, मी जात नाही. सकाळ-संध्याकाळ वर्कशॉप उघडेन, आणि फटाक्यांच्या रात्री केबिनमध्ये तिच्यासोबत बसेन, कारण बंद जागेत एकटं घाबरलेलं मांजर जाळीवर आपटून जखमी होतं.

लेख काढून टाका, असं तुम्ही शेवटी म्हटलंय. तो मी काढणार नाही, कारण नऱ्हे-धायरीपासून भोसरीपर्यंत शेडशेडमध्ये मांजरं आहेतच, आणि त्यांच्या मालकांपर्यंत यातलं काहीतरी पोचावं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या ओळखीत कुणाकडे अशी मादी असेल आणि ती पकडता येत नाही म्हणून ऑपरेशन अडलं असेल, तर इथेच कळवा. मांजर पकडायचा पिंजरा माझ्याकडे आहे, हवा तितके दिवस न्या.