भारतीय माणूस समूहात रमतो म्हणे!

पाश्चिमात्य लोक कसे 'मी मी' करतात आणि आपण कसे घरदार, समाज, सगळ्यांना धरून चालणारे, हे व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला कोणीतरी अभिमानाने फॉरवर्ड करतं. मला हे निम्मंच पटतं. पोस्ट जरा लांबेल, सांभाळून घ्या.

पटणारं निम्मं आधी. १९९१ मध्ये हेझेल मार्कस आणि शिनोबू कितायामा या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की माणूस स्वतःकडे ढोबळमानाने दोन तऱ्हांनी बघतो. एकात मी म्हणजे माझा स्वभाव, माझी मतं, माझ्या आवडीनिवडी, बाकी जग बाहेर. दुसऱ्यात मी म्हणजे अमक्याचा मुलगा, तमकीचा भाऊ, नाती बाजूला काढली तर हातात फारसं काही उरतच नाही. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, जोन मिलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी शिकागोच्या आणि आपल्या म्हैसूरच्या लोकांना ओळखीच्या माणसांच्या बऱ्यावाईट वागण्याची कारणं विचारली होती. अमेरिकन मोठी माणसं जास्त करून 'तो आहेच तसा' म्हणाली, म्हैसूरवाले परिस्थिती आणि नातीगोती जास्त सांगत बसले. पण खरी गंमत पुढे आहे, लहान मुलांमध्ये हा फरक फारसा नव्हता, वय वाढत गेलं तसा तो वाढला. म्हणजे रक्तातबिक्तात काही नसतं, आजूबाजूला बघून येतं सगळं.

आता न पटणारं. रात्री दोन वाजता चुलतभावाच्या हॉस्पिटलचं डिपॉझिट भरायला धावणारा माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्ये मात्र 'आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, लिफ्टचे पैसे का द्यायचे' म्हणून तासभर भांडतो, आणि दोन्ही वेळा माणूस तोच असतो हो! त्यामुळे 'भारतीय समूहवादी' वगैरे लेबल लावून काहीच कळत नाही, कोणाबरोबर आणि कशासाठी हे विचारावंच लागतं.

यावर मला पटलेलं उत्तर थॉमस टाल्हेल्म या संशोधकाच्या चीनमधल्या अभ्यासात सापडलं, २०१४ चा आहे, हजाराहून जास्त विद्यार्थी होते. देश एक, पण दक्षिणेत भात पिकतो आणि उत्तरेत गहू. पोरांना सांगितलं, गोल काढून स्वतःला आणि मित्रांना दाखवा. गव्हाच्या पट्ट्यातल्यांनी स्वतःचा गोल मित्रांपेक्षा थोडा मोठा काढला, भातवाल्यांनी जवळपास सारखाच. टाल्हेल्म यांचं म्हणणं असं की भाताला पाणी लागतं, पाट लागतात, गव्हाच्या साधारण दुप्पट मेहनत लागते, मग शेजाऱ्याशी वाकडं घेऊन चालतच नाही. यावर आक्षेपही बरेच आहेत, पण कोकणात लावणीच्या दिवसांत आज तुझ्या शेतात उद्या माझ्या शेतात अशी सावड ज्यांनी पाहिलीय त्यांना हे चटकन कळेल. तिथे प्रेम असतंच असं नाही, बांधावरून कोर्टात गेलेले लोकपण लावणीला एकत्र वाकलेले असतात.

आणि भातच कशाला, धुळ्याची फड पद्धत घ्या. पांझरा नदीवर बंधारे, त्यातून पाट, आणि खालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे तुकडे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाणी आपल्या हाताने फोडायचं नाही, ते नेमलेला माणूस देणार, आणि पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं. बहुतेकांची जमीन एकापेक्षा जास्त फडांत असायची, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवायची वेळ आली तर झळ एकट्यादुकट्याला नाही, थोडी थोडी सगळ्यांना. शेकडो वर्षं हे चाललं ते तिथले लोक संत होते म्हणून नाही, एकाचं दुसऱ्यावाचून अडेल अशी रचनाच होती.

म्हणून मला मुलांच्या शाळेतल्या ग्रुप प्रोजेक्टचा राग येतो. मार्क सगळ्यांना सारखे, काम एका मुलीचं (आणि तिच्या आईचं), बाकीचे तिघं थर्माकोल धरून फोटोत. याला टीमवर्क कसं म्हणायचं? एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनला याच्या बरोबर उलट केलं. गोरी, काळी, मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आलेली, वातावरण तापलेलं. त्यांनी छोटे गट केले, धड्याचे तुकडे केले आणि प्रत्येकाला एकच तुकडा दिला. बाकीचा धडा हवा असेल तर ज्याला कालपर्यंत हसत होतात त्यालाच विचारा, दुसरा मार्गच नाही. चिडवणं कमी झालं, दोस्ती वाढली आणि मागे पडणाऱ्या मुलांचे मार्कही सुधारले. 'सर्वांशी प्रेमाने वागा' हे भाषण कोणी दिलं नव्हतं.

आपल्याकडे पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे जमेल का, गोंधळ किती होईल, हुशार पोरांचे पालक भांडायला येतील का (येतीलच!), हे मला शिक्षक मंडळींकडून ऐकायचंय. कोणी एखादा धडा असा तुकडे करून शिकवून बघितला असेल तर कमेंटमध्ये सविस्तर लिहा, फसला असेल तरी लिहा.