वेलची नाही हो, वेलची केळं! (‘आयलाप्रेमी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार आयलाप्रेमी,

खरं तर कमेंटखाली दोन ओळी लिहून विषय सोडणार होतो, पण दोनाच्या वीस झाल्या म्हणून ही वेगळी पोस्ट. तुमचं टोपणनाव वाचून आधी हसलो, कारण धुरकट व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या स्कॉटलंडच्या त्या बेटाचा उच्चार खरंच आयला आहे आणि मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही. मग नावाखालचा मजकूर वाचला आणि हसू गेलं.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी पॉवर्स गोल्ड लेबल या आयरिश व्हिस्कीला दहापैकी साडेसात दिले होते. त्यावर यांचं म्हणणं असं की आयरिश व्हिस्की सरसकट तीनदा डिस्टिल होते हे माझं वाक्य चूक आहे, रंगासाठी कॅरमेल घालतात ते मी लपवलं, पॉवर्ससारख्या ब्लेंडमध्ये, म्हणजे मिश्र व्हिस्कीत, मका-गहू वगैरे धान्यांची स्वस्त ग्रेन व्हिस्की असते म्हणजे ती आपल्या मळीच्या दारूची चुलत बहीणच, मी ‘जरा अभ्यास करून लिहावं’, आणि शेवटी हे, जसंच्या तसं: ‘काका, तीस युरोच्या ब्लेंडमध्ये वेलची शोधणारा माणूस चव घेत नाही, लेबल वाचतो.’ पुढे एक हसरा चेहरा.

आता हे ‘काका’. मी शेचाळीस वर्षांचा आहे, भाचरं काका म्हणतात, शेजारची पोरं म्हणतात, मला काही वाटत नाही. पण तुमच्या वाक्यातला काका तो नाहीये, तुमचा काका म्हणजे रिक्षावाला ‘नाही काका, तिकडे नाही जाणार’ म्हणताना वापरतो तो. हसरा चेहरा टाकला की मागचं सगळं गंमतीत जातं असा एक समज आहे, पण तसं होत नाही, उलट जास्त लागतं. मतभेद असू द्या की, मी कुठे नाही म्हणतोय, पण पद्धत असते.

आणि चूक दाखवली तर मी मानतो. तीनदा डिस्टिल होण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. लाउथ काउंटीतली कूली डिस्टिलरी, जॉन टीलिंगने १९८७ मध्ये सुरू केलेली, तिथे दोनदाच करतात, आणि त्यांची कॉनेमारा तर तुमच्या आवडीची, धुराच्या वासाची. ‘सरसकट’ हा शब्द काढून ‘बहुतेक’ केलाय, जाऊन बघा. आभारी आहे. हे सांगायला अभ्यास काढायची गरज नव्हती एवढंच.

आता वेलची. अहो, मी वेलची लिहिलंच नव्हतं! माझं वाक्य होतं, ‘नाकाशी नेल्यावर पहिल्यांदा पिकलेलं वेलची केळं, मग सुकं खोबरं, आणि गिळल्यावर मागून मिरी.’ वेलची केळं! ते छोटं, पातळ सालीचं, घडातलं एक पिकलं की सगळ्या स्वयंपाकघरात वास सुटतो ते. तुम्ही ‘वेलची’पाशी थांबलात, पुढचा शब्द वाचायचे कष्ट घेतले नाहीत आणि मला म्हणताय लेबल वाचतो. मी निदान लेबल तरी पूर्ण वाचतो हो.

आणि हा केळ्याचा वास माझ्या डोक्यातून आलेला नाहीये. यीस्ट साखरेची दारू करतं तेव्हा बाजूला एस्टर नावाची संयुगं तयार होतात, त्यातलं एक आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, आणि पिकलेल्या केळ्यातही नेमकं तेच असतं. म्हणजे मी उपमा देत नव्हतो, जवळजवळ एकच वस्तू दोन ठिकाणी ओळखत होतो. खोबऱ्याचंही तसंच आहे. अमेरिकन ओकच्या लाकडात खोबऱ्याच्या वासाची लॅक्टोन नावाची संयुगं असतात, बर्बनला तिथल्या कायद्याने नवंकोरं जाळलेलं ओकचं पिंपच लागतं, एकदा वापरलं की त्यांना ते पुन्हा चालत नाही, मग ती पिंपं जहाजानं इकडे आयर्लंडला येतात आणि त्यात आयरिश व्हिस्की वर्षानुवर्षं पडून राहते. मिरीचा चटका येतो तो ब्लेंडमधल्या पॉट स्टिल व्हिस्कीतून, म्हणजे तांब्याच्या भांड्यात गाळलेल्या, त्यात मोड आणलेल्या बार्लीबरोबर मोड न आणलेली कच्ची बार्लीही घालतात. १७८५ मध्ये माल्टवर, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीवर, कर बसला, तेव्हापासून कर चुकवायला कच्ची बार्ली वाढवत गेले आणि त्यातून तो तेलकट तिखटपणा आला जो आता आयरिश व्हिस्कीची ओळख आहे. यातल्या कुठल्या गोष्टीला बाटलीची किंमत आडवी येते सांगा बरं? बाटली तीस युरोची आहे म्हणून यीस्ट केळ्याचा वास करायचं थांबत नाही.

तुम्ही म्हणाल हे सगळं वाचून कुणीही लिहील. म्हणून थोडं घरचं सांगतो. माझे वडील सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. पाळी संपवून घरी आले की शर्टाला मळीचा आंबूस, किंचित जळका वास असायचा, आई तो शर्ट वेगळा भिजवायची. मी बारा-तेरा वर्षांचा असताना एकदा त्यांनी नमुन्याच्या बाटलीतले दोन थेंब माझ्या तळहातावर टाकले, दोन्ही तळवे खसाखसा चोळायला लावले आणि म्हणाले, थांब, लगेच नाकाशी नेऊ नको, स्पिरिट उडू दे, उरतं ते खरं. उरला होता ओल्या पोत्यासारखा वास. तो वास आणि त्यांचा तो ‘थांब’ अजून डोक्यात आहे. मी आजही नवीन बाटली उघडली की आधी दोन थेंब तळहातावर टाकतो, बायको म्हणते हा काय अत्तर लावतो का. तेव्हा दारूचा वास कसा घ्यायचा हे मला शिकवू नका, प्लीज.

आणि म्हणूनच मळीचं नाव माझ्यासमोर जपून काढा. ग्रेन व्हिस्की म्हणजे मळीची दारू नाही. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त ‘व्हिस्की’त उसाच्या मळीचा स्पिरिट असतो हे खरं, पण आयरिश व्हिस्कीला कायद्याने धान्यच लागतं आणि आयर्लंडच्याच बेटावर लाकडी पिंपात किमान तीन वर्षं, ग्रेनलाही तोच नियम. हवं तर तुमच्या बाजूचा मुद्दा मीच देतो. इनिअस कॉफी हा डब्लिनचा माजी अबकारी अधिकारी, त्याने १८३० मध्ये सलग चालणाऱ्या स्टिलचं (ग्रेन व्हिस्की त्यातूनच येते) पेटंट घेतलं आणि त्याच्याच गाववाल्यांनी नाक मुरडलं. १८७८ मध्ये डब्लिनच्या चार मोठ्या डिस्टिलरींनी तर ही ग्रेन मिसळलेली व्हिस्की म्हणजे व्हिस्कीच नव्हे असं पुस्तक छापलं आणि त्या चारांत पॉवर्सही होती. आणि आज पॉवर्सची सगळ्यात खपाऊ बाटली ब्लेंड! हे तुम्ही लिहिलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण तुम्ही चुलत बहीण लिहिलंत.

किंमत. ‘तीस युरो’ तुम्ही असं लिहिलंय की जणू मी नाक्यावरून पावशेर घेऊन आलो. आयर्लंडमध्ये २०२२ च्या जानेवारीपासून दारूला किमान किंमत आहे, दर ग्रॅम अल्कोहोलला दहा सेंट. सातशे मिलीची चाळीस टक्क्यांची कुठलीही बाटली बावीस युरोच्या खाली विकताच येत नाही, मग ती कितीही टुकार असो. पॉवर्स ४३.२ टक्के आहे, तिचा तळ जवळपास चोवीस युरो. मी तीसला घेतली. त्यातले जवळपास तेरा युरो एक्साइज, साडेपाचच्या वर व्हॅट. राहिले साडेअकरा. त्या साडेअकरा युरोत बार्ली, पिंप, किमान तीन वर्षांचं गोदामभाडं, काच, बूच, ट्रक आणि दुकानदाराचा नफा. मी गुण देतो ते हे बघून देतो. दीडशे युरोच्या बाटलीला दहापैकी आठ आणि हिला साडेसात, तर मी हिच्याकडे जाईन आणि उरलेल्या पैशात पोराला सायकल घेईन. परवडणारी व्हिस्की जोखायची तर महागाच्या फुटपट्टीने नाही जोखायची, हे मी तीन वर्षं लिहितोय, पण असो.

आणि जोखली कशी तेही सांगतो, कारण तुम्हाला वाटतंय एका संध्याकाळी घोट घेतला आणि मार्क टाकले. पाच आठवडे चालली ती बाटली. पहिल्या दिवशी नुसती झोंबली, मी वहीत ‘कडक, घाईची’ असं लिहिलंय. पोराच्या तापाच्या औषधाबरोबर आलेली प्लास्टिकची सिरिंज आहे माझ्याकडे, तिने वीस मिलीला अर्धा मिली, मग एक मिली, असं मोजून पाणी घातलं. एक मिलीला केळं वर आलं, दोनला सगळंच पातळ झालं. बर्फ नाही, बर्फाने वास बसतो. बाटली अर्ध्यावर आली, आत हवा गेली, तेव्हा चौथ्या आठवड्यात तो झोंबरेपणा गेला आणि मध दिसला. अर्धा गुण तिथे वाढला. शेवट मात्र तोकडाच राहिला, मिरी आली आणि गेली, त्याचे मी कापलेत, पोस्टमध्ये लिहिलंय, तेही तुम्ही वाचलं नसणार.

कॅरमेलचं म्हणाल तर हो, घालतात, कायद्याने चालतं, स्कॉचमध्येही चालतं, तुमच्या आवडत्या बेटावरच्या काही बाटल्यांतही असतं. पुढे. आयला श्रेष्ठ की आयर्लंड यात मी पडणार नाही, मला धूर आवडतो पण रोज होळीला कोण बसणार.

राहता राहिलं ते लेबल वाचण्याचं. बाटली माझ्या पैशाची होती, मला कुणी फुकट पाठवत नाही. चौदा वर्षं कॉर्कमध्ये राहतोय, ती बनते ते मिडलटन माझ्याकडून ट्रेनने अर्धा तासही नाही. डब्लिनला थॉमस स्ट्रीटवर पॉवर्सची जुनी डिस्टिलरी होती, १९७६ मध्ये बंद पडली, आता तिथे आर्ट कॉलेज आहे आणि तांब्याची ती अजस्र भांडी अजून उघड्यावर उभी आहेत, मी त्यांच्यासमोर उभा राहून आलोय. लेबल वाचणारा माणूस एवढं करत नाही. डोळे बांधून चव घ्यायची वगैरे स्पर्धांमध्ये ठीक असतं, घरी माणूस बाटली बघूनच पितो.

तरी तुमची कमेंट बायकोला वाचून दाखवली, तीच चूक झाली. तिने परवा तीन स्टीलच्या वाट्या मांडल्या, खाली चिठ्ठ्या चिकटवल्या, जेमसन, पॉवर्स आणि बुशमिल्स, तिन्ही आयरिश, आणि मला बाहेर उभं केलं. मी आलो, वास घेतला, घोट घेतला आणि मधली वाटी उचलून म्हणालो ही पॉवर्स, केळं बघ किती स्वच्छ येतंय. ती जेमसन निघाली. आता जेमसन आणि पॉवर्स दोन्ही मिडलटनच्याच, एका घरातल्या बहिणी, शिवाय वाट्यांना भांड्याच्या साबणाचा वास होता आणि जेवणात ठेचा झाला होता, त्यामुळे याला टेस्ट म्हणायचं की नाही हा प्रश्नच आहे. साडेसात गुण मी बदलत नाहीये.

चिठ्ठी तिने फ्रिजवर लावून ठेवलीय.