ऑपरेशन पुढे गेलं म्हणजे देवाने 'नको' म्हटलं?

घरातल्या कुणाचं ऑपरेशन ऐनवेळी पुढे गेलं की नातेवाईकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. शब्द बदलतात, आशय तोच: "ऑपरेशन पुढे ढकललं म्हणजे देवाने वाचवलं. हा इशारा ओळखा. गोळ्या थांबवा, उपास करा, काढा घ्या. खरी श्रद्धा असेल तर पुन्हा तारीख मागावीच लागणार नाही." पाठवणाऱ्याच्या मनात बहुधा मायाच असते. पण यातलं एकही वाक्य टिकत नाही, आणि एक तर जिवावर बेतू शकतं.

"हा देवाचा इशारा आहे"

तारीख का गेली हे बहुतेक वेळा केसपेपरवर लिहिलेलं असतं. सकाळी बीपी १८०/११० च्या वर निघालं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ८.५ च्या पुढे गेली, आणि अशा साखरेत टाके नीट भरत नाहीत, जखम चिघळते. मुलाला खोकला-ताप आहे. अशा वेळी भूल दिली तर श्वासनलिका आवळू शकते, म्हणून साधारण दोन ते चार आठवडे थांबतात. गुडघा बदलायचा आहे, पण दाताच्या मुळाशी पू आहे किंवा लघवीत जंतुसंसर्ग आहे. तेच जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. कधी पेशंट ठणठणीत असतो, पण पहाटे अपघाताची केस येते आणि टेबल तिच्याकडे जातं, किंवा आयसीयूत खाट उरत नाही.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारायचा: कारण पेशंटच्या शरीरातलं की हॉस्पिटलमधलं? शरीरातलं असेल तर कोणता आकडा कुठवर यायला हवा, तो परत कधी तपासायचा, हे लिहून घ्यायचं. हॉस्पिटलमधलं असेल तर पुढच्या लिस्टमध्ये आपला नंबर कितवा, ते विचारायचं.

या 'इशाऱ्या'चा एक वाईट पदर आहे. इशारा म्हटला की तो कुणाच्या तरी चुकीमुळे आला असं ठरतं. अमावास्येला ॲडमिट का केलं, नवस फेडायचा कसा राहिला, आणि हे सगळं बहुतेकदा घरातल्या सुनेच्या माथी येतं. बीपी वाढलं ते मिठाने, चुकलेल्या गोळीने, रात्रभर न लागलेल्या झोपेने किंवा नुसत्या धास्तीने. अमावास्या टाळून तारीख हवी असेल तर साध्या हर्नियासाठी किंवा मोतीबिंदूसाठी खुशाल मागा, सर्जन बहुधा हो म्हणतील. कॅन्सरसाठी किंवा पू झालेल्या पित्ताशयासाठी मागू नका.

"गोळ्या थांबवा"

जिवावर बेतणारं वाक्य ते हेच. ऑपरेशनसाठी काही गोळ्या आधीच बंद केलेल्या असतात: रक्त पातळ करणाऱ्या क्लोपिडोग्रेल आणि वॉरफरिन साधारण पाच दिवस, मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या तीन दिवस. ऑपरेशन रद्द होतं, पेशंट घरी येतो आणि 'बंद करा' म्हणालेल्या गोळ्या बंदच राहतात. पुन्हा सुरू करा असं कुणी सांगितलेलं नसतं. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाची रक्त पातळ करणारी गोळी अशी आठवडा-दोन आठवडे राहून गेली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. इन्सुलिनचं उलटं होतं. उपाशी राहायचं म्हणून डोस कमी केलेला असतो. घरी जेवण सुरू होतं, डोस तेवढाच राहतो आणि साखर चढते. मग पुढची तारीखही जाते.

वॉर्ड सोडण्याआधी रोजच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीतून काढून टेबलावर मांडा. प्रत्येकीपुढे डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्या: कधीपासून सुरू, किती डोस, नव्या तारखेआधी किती दिवस बंद. तारीख चार दिवसांवरच असेल तर एखादी गोळी ते मुद्दाम बंदच ठेवतील. पण ते त्यांनी ठरवायचं.

"उपास करा, काढा घ्या"

साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने कडक उपास केला की साखर ७० च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपास साखर उलट वर नेतो. ज्याला उपास सोडवतच नाही, त्याच्या वाटचा घरातल्या धडधाकट माणसाने करावा.

आलं-तुळशीच्या चहाला कुणाची हरकत नाही. पण लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या गोळ्या, जिंको या झाडाच्या पानांचा अर्क यांनी रक्तस्राव वाढू शकतो. त्या ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी थांबवतात, आणि भूलतज्ज्ञांना सांगितल्याच पाहिजेत. 'आयुर्वेदिकच आहे, त्यात काय सांगायचं' म्हणून नेमकं तेच राहून जातं.

मिळालेल्या दिवसांत करण्यासारखं बरंच आहे. विडी-तंबाखू सोडायची, चार आठवडे सुटली तर छातीचा आणि जखमेचा त्रास कमी होतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाची गोळी चहासोबत घ्यायची नाही, लिंबूपाण्यासोबत घ्यायची.

"तारीख मागावीच लागणार नाही"

वारकरी पांडुरंगाच्या भरवशावर निघतो, पण कोणता मुक्काम कुठे हे दिंडीला ठाऊक असतं आणि पडशीत औषधाची पुडी असते. तारखेचा पाठपुरावा केल्याने श्रद्धा उणावत नाही. घरातल्या एकानेच फोन करायचा. पाच जणांनी केले की पाच उत्तरं मिळतात. रिपोर्ट किती दिवस चालतील, विम्याची किंवा महात्मा फुले योजनेची मंजुरी नव्या तारखेला लागू राहील का, हे विमा डेस्कला किंवा हॉस्पिटलात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. रक्तपेढीत राखून ठेवलेलं रक्त बहुधा सोडून दिलं जातं, क्रॉसमॅचसाठी, म्हणजे रक्त जुळतं का ते पाहण्यासाठी, नमुना पुन्हा द्यावा लागतो.

आणि थांबण्यालाही हद्द असते. हर्नियाची गाठ कडक झाली, आत जाईना, दुखू लागली, उलट्या झाल्या. पित्ताशयात खडे असताना थंडी-ताप आला किंवा डोळे पिवळे झाले. छातीत दुखलं, धाप लागली, तर नव्या तारखेची वाट न पाहता त्याच रात्री कॅज्युअल्टीत जायचं.

पारायण, जप, अंगारा यांच्या आड कुठलाही डॉक्टर येत नाही. जप करता करता पेशंटची धास्ती कमी झाली तर वॉर्डालाही ते हवंच असतं. अडचण होते ती ऑपरेशनच्या सकाळी. तुळशीचं तीर्थ म्हणजे साधं पाणी. भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत, सिस्टरना विचारून, घोटभर चालतं. पंचामृतात दूध-दही असतं, ते सहा तास आधीच थांबलं पाहिजे. पेढ्याचंही तसंच. पहाटे देवळातून आणलेला प्रसादाचा कण प्रेमाने तोंडात घातला म्हणूनही तारखा जातात, कारण भुलेत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात उतरण्याची भीती असते. हातातला गंडा ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सोडायला सांगतील, तेव्हा तो कुणाच्या खिशात जाणार हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. पेढ्यांचा पुडा घरीच राहू दे. पहिला घास कधी द्यायचा ते सिस्टर सांगतील.