प्रदर्शन पाहावे लावून

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असं म्हणणाऱ्यावर चित्रांचं एकल प्रदर्शन लावायची वेळ आली नसावी. लग्नात निदान वऱ्हाड आपल्या पायांनी येतं. माणसांची चित्रं काढणाऱ्याला वऱ्हाड आधी घडवावं लागतं, नेसवावं लागतं, वाळवावं लागतं, मग टेम्पोत उभं करून न्यावं लागतं. आणि हॉलवर पोचलं की कुणाला कुणाशेजारी बसवायचं हा प्रश्न असतोच.

मुहूर्तही आपल्या हातात नसतो. काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीसारखी १९५२ पासूनची नावाजलेली जागा हवी, तर अर्ज टाकून वर्षानुवर्षं थांबायची तयारी लागते. तारीख पक्की झाली की आमचा चित्रकार 'अजून भरपूर वेळ आहे' म्हणून पुन्हा निवांत होतो आणि शेवटच्या तीन महिन्यांत जागा होतो. तैलरंगाला तीन महिने म्हणजे उद्या सकाळ.

तैलरंग कपड्यासारखा वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं, त्यामुळे पंखा लावून फार फरक पडत नाही. शिवाय प्रत्येक रंगाची चाल वेगळी. अंबर, म्हणजे मातकट तपकिरी, दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो. आयव्हरी ब्लॅक, कॅडमियम रेड आणि गडद लाल ॲलिझरिन मात्र आठवडा-दीड आठवडा हलायला तयार नसतात. म्हणजे भिंत वाळते, जमीन वाळते, आणि नेमका बाईचा अंबाडा व लुगडं तेवढं ओलं राहतं. घाई करून त्यावर जास्त टर्पेंटाइनचा पातळ थर मारला, तर तो आधी वाळतो, खालचा तेलकट थर सावकाश हलत राहतो आणि वरच्याला भेगा जातात. खाली रुक्ष, वर तेलकट, हा क्रम चुकवू नये. प्रत्येकाला पाठ असतो. प्रदर्शनाच्या आधीच्या महिन्यात प्रत्येकजण विसरतो.

तैलचित्राला शेवटचं व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने द्यायचं असतं, त्यामुळे ते राहिलंच. काळा रंग मग जागोजागी 'बसतो', म्हणजे मलूल होतो, आणि तुकतुकीत केसांवर खडूची पूड पडल्यासारखी दिसते. थर हाताला कोरडा असेल तर तेवढ्याच जागी जवसाच्या तेलाचा एक थेंब चोळून जवळजवळ सगळा पुसून काढावा, किंवा रिटचिंग, म्हणजे तात्पुरत्या, व्हार्निशचा अगदी पातळ हात द्यावा. तेल पुसलेली चिंधी मात्र पाण्याच्या डब्यात टाकायची. चुरगळून कोपऱ्यात फेकली तर ती आतल्या आत तापून आपोआप पेटू शकते. प्रदर्शनाची जाहिरात तशीही होते, पण बातमी दुसऱ्या पानावर येते.

आता हात. अमूर्त चित्र काढणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण एक असूयाही आहे: त्यांच्या चित्रात हात नसतात. हाताचं गणित साधं आहे. मागून पाहिलं तर मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या सांध्यापासून टोकापर्यंतची लांबी पूर्ण पंजाच्या निम्मी असते. मनगट हनुवटीशी टेकवलं तर बोटं कपाळाच्या मध्याच्या वर पोचतात. हे चित्रकाराला कळतं यात विशेष नाही. कळतं ते प्रेक्षकालाही, कारण त्याच्याकडे पडताळून पाहायला दोन हात असतात. दालनात एखादा गृहस्थ चित्रासमोर उभा राहून स्वतःचाच पंजा तोंडावर धरून पाहत असला, तर समजावं की आपलं काहीतरी चुकलंय.

म्हणून पळवाटा निघतात. एक हात पदराखाली, दुसरा फुलदाणीमागे, तिसऱ्या चित्रात मांडीवर मांजर. एकेकटं चित्र सुरेख दिसतं. वीस चित्रं एका रांगेत लागली की सगळ्या बायका काहीतरी चोरून उभ्या आहेत असं वाटतं.

मॉडेल समोर बसवून काम करायचं तर वीस मिनिटं बैठक, पाच मिनिटं विश्रांती. उठण्याआधी पावलांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर मास्किंग टेप लावावी, म्हणजे माणूस जागेवर परत येतो. पदराच्या चुण्या परत येत नाहीत. त्या पहिल्या बैठकीतच रेखाटून घ्याव्या, नाहीतर एकाच पदरात तीन दिवसांच्या चुण्या नांदतात. चेहऱ्यासाठी आरसा धरावा. चित्राचं प्रतिबिंब पाहिलं की दोन दिवस शहाण्यासारखा बसलेला डावा डोळा एकदम कानाकडे सरकलेला दिसतो. हे रात्री अकरानंतर करू नये. झोप लागत नाही.

मोठं चित्र सुरू करण्याआधी जिन्याचं वळण मोजावं. पाच बाय सहा फुटांचा कॅनव्हास लिफ्टमध्ये जात नाही, हे बहुतेकांना चित्रावर सही केल्यावर कळतं. मग तो चौकटीवरून सोडवून गुंडाळायचा: रंगाची बाजू बाहेर, आत जाड नळकांडं. रंग आत ठेवला तर तो दाबला जाऊन सुरकुततो. ताजा आणि जाड रंग असेल तर गुंडाळायचंच नाही. मग उरतो जिना, चार शेजारी आणि 'जरा तिरकं घ्या' हे वाक्य. पुन्हा ताणताना मधून सुरुवात करून समोरासमोरच्या बाजू ओढत जायचं, कोपरे सगळ्यांत शेवटी. पावसाळी हवेत कॅनव्हास सैल पडला तर आतल्या कोपऱ्यांतल्या पाचरींना हलका टोला द्यावा. हलका म्हणजे हलकाच.

बबल रॅपचे फुगे चित्राकडे करायचे नाहीत. मध्ये ग्लासिनचा गुळगुळीत कागद, फुगे बाहेर. उलटं केलं आणि टेम्पो उन्हात सिग्नलला थांबला, की अर्धवट वाळलेल्या नऊवारीवर ठिपक्यांची रांगोळी उमटते. अगदी समान अंतरावर. हाताने काढायची म्हटली तर जमणार नाही.

कॅटलॉगचं प्रकरण वेगळं. छपाईच्या चार शाईंत कातडीचा रंग सापडता सापडत नाही. पिवळा चढला तर सगळ्या कुटुंबाला कावीळ, मॅजेंटा चढला तर गोवर. एक नमुना छापून मूळ चित्राशेजारी दिवसाच्या उजेडात धरावा आणि मगच पुढची हजार पानं सोडावी. किंमत बरेचजण चौरस इंचावर लावतात: ३६ बाय ४८ म्हणजे १,७२८ चौरस इंच, ४० रुपये दराने ६९,१२० रुपये. हिशेब स्वच्छ आहे, पण मावशीला पटत नाही. "अरे, ह्यात एकच बाई आहे आणि त्या छोट्यात पाच माणसं, मग हे महाग कसं?"

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ६० इंचांवर यावा. त्यात चित्राची अर्धी उंची मिळवायची आणि ताणलेली तार वरच्या कडेपासून जितकी खाली असेल तेवढं वजा करायचं. ४८ इंच उंच चित्र, तार ४ इंच खाली: साठ अधिक चोवीस वजा चार, खिळा ८० इंचांवर. एवढं शाळेतलं गणित, पण शिडीवरचा माणूस "अंदाजाने मारू का?" म्हणून विचारतोच. नंतर नजरा पाहायच्या. भिंतीच्या टोकाचं माणूस बाहेरच्या बाजूला बघत असेल, तर प्रेक्षकही त्याच्यामागोमाग दारातून बाहेर पडतो. त्याला आत बघणाऱ्याशी बदलावं. पाठ करून बसलेल्या दोन बायका शेजारी लावल्या की भांडण झालेलं दिसतं, आणि मग शीर्षक कितीही काव्यमय असो, लोक कारण विचारतात.

उद्घाटनाचं सांगण्यासारखं काही नाही. समईची वात भिजलेली नसते आणि काडेपेटी कुणाकडेच नसते. 'अगदी राजा रविवर्मा!' असं कुणीतरी म्हणतंच. वाईट वाटून घेऊ नये. चित्रकार सावळाराम हळदणकरांची ती हातात दिवा घेतलेली तरुणी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, जलरंगातली आहे, आणि तरी कित्येकजण तिचं श्रेय रविवर्म्यालाच देतात. आपण कोण?

खरी परीक्षा त्याआधी तासभर असते. दिवे लागतात आणि घरी ट्यूबलाइटखाली झाकलेलं सगळं उघडं पडतं. सात नंबरच्या चित्रातला अंगठा लांब आहे. झोळीत दोन ट्यूब आणि एक बारीक ब्रश असतोच, तो प्रत्येकाच्या असतो. नखावर जरा उजेड द्यावा म्हणून हात लावला, की सुधारता सुधारता अंगठा आणखी पाव इंच वाढतो. तेवढ्यात माणसं आत येतात. 'कृपया चित्रांना हात लावू नये' ही पाटी बरोबर त्या चित्राशेजारी असते. पहिले आजोबा ती चष्मा वर करून पूर्ण वाचतात, "ओलं आहे का हो?" म्हणून विचारतात, आणि उत्तर येण्याआधी बोट टेकवतात.

बोट उचलल्यावर पाहावं, तर अंगठा आखूड झालेला असतो. नेमका हवा तेवढा.