काळ पिवळा नव्हता

गेल्या महिन्यात आमच्या अस्नोड्याच्या घरी शूटिंगसाठी सामान बघायला दोन मुलं आली. गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे, जुन्या घरातल्या वस्तू हव्यात, भाडं देतो, सगळं जसंच्या तसं परत करतो, म्हणाली. मुलं अदबीची होती, वयाने माझ्या लेकीएवढी. आपल्या गोव्यातल्या ऐंशीच्या दशकावर कुणी काही करतंय म्हटल्यावर मला इतका आनंद झाला की मी स्वतः शिडी लावून माळ्यावर चढले. मामाने मस्कतहून आणलेला रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन, आईने क्रोशाने विणलेलं टीव्हीचं कव्हर, स्टीलचे दोन डबे, बाबांची रेक्झिनची बॅग, सगळं पुसून पडवीत मांडलं आणि चहा टाकायला आत गेले.

बाहेर येऊन बघते तर एक जण ते पांढरं कव्हर कोऱ्या चहाच्या बादलीत बुचकळत होता. दुसरा टू-इन-वनच्या चकचकीत जाळीवर ब्रशने मातकट पावडर मारत होता.

"मावशी, फार नवं दिसतंय," तो म्हणाला. "कॅमेऱ्यात पिरियड, म्हणजे त्या काळातलं, वाटत नाही."

"अरे बाळा, १९८६ साली ते नवंच होतं," एवढंच मी बोलले. कव्हर तोवर भिजलेलं होतं. ओरडून काय उपयोग? पण तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मला असले सिनेमे मनापासून आवडतात. ऐंशीचं दशक दाखवणारं काहीही आलं की मी बघते. 'द डर्टी पिक्चर' पाहिला, 'नीरजा' पाहिला. '८३' तर दोनदा पाहिला, कारण १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला कपिल देवने झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा काढल्या त्या सामन्याचं चित्रणच नाही. आमच्या पिढीने ती खेळी फक्त ऐकली, वाचली आणि मनात रंगवली. ती पडद्यावर बघताना माझे डोळे भरून आले. लेकीबरोबर 'स्ट्रेंजर थिंग्ज'ही बघितलं. गोष्ट अमेरिकेतली, १९८३ सालची, आमचा त्या गावाशी काय संबंध? पण संध्याकाळी दिवे लागणीपर्यंत पोरं सायकलींवरून गावभर हुंदडतात आणि घरी कुणाला त्याची काळजी नसते, हे बघताना मी थेट आमच्या वाड्यावर पोचले. तेव्हा ही आठवणींची ओढ खोटी आहे असं मला कुणी सांगू नये. चांगल्या सिनेमात ती ताकद असते.

माझं भांडण आहे ते त्या पिवळ्या रंगाशी. आपल्याकडे काळ मागे नेला की दिग्दर्शक सगळ्या चित्रावर मोहरीच्या तेलासारखी पिवळट-तपकिरी छटा ओततात. भिंती मळक्या, कपडे मातीच्या रंगाचे, पंखा गंजलेला, खोलीत धुळीचे कण तरंगताहेत. जणू ऐंशीच्या दशकात आम्ही सगळे एखाद्या जुन्या अल्बममध्ये राहत होतो.

हा रंग आला कुठून? रंगीत फिल्मच्या प्रिंटमध्ये रंगद्रव्यांचे तीन थर असतात. वर्षं जातात तशी त्यातली निळसर आणि पिवळी द्रव्यं आधी फिकी होतात आणि चित्र लालसर-गुलाबी पडत जातं. त्या काळात फिरून फिरून गावात आलेल्या जुन्या सिनेमांच्या प्रिंट अशाच गुलाबी झालेल्या असायच्या, हे माझ्या वयाच्या कुणालाही आठवेल. घरच्या फोटोंचंही तसंच. आपली गोव्याची हवा दमट. चार पावसाळे कपाटात काढले की फोटोचा कागद पिवळा पडतो, कडेने बुरशी धरते. आज ऐंशीचं दशक म्हणून आपल्याला जो रंग दाखवतात तो त्या दशकाच्या फोटोंना नंतर लागलेला डाग आहे. फोटो काढला तेव्हा आईची साडी पोपटी होती. पोपटी म्हणजे डोळ्यांत भरेल अशी पोपटी.

त्या काळात काढलेले आपले मराठी सिनेमे पुन्हा लावून बघा. 'धूमधडाका' १९८५ चा, 'गंमत जंमत' १९८७ चा, 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. त्यातले शर्ट बघा, साड्या बघा. राणी, चिंतामणी, लिंबू, मोरपंखी. सिंथेटिक कापड तेव्हा घरोघर पोचलं होतं आणि त्यावर रंग बसायचा तो असा की धुऊन धुऊन कापड विरायचं पण रंग जायचा नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कापडाच्या दुकानासमोर उभं राहिलं तर डोळे दिपायचे. हा भडकपणा कुणाला आज ओंगळ वाटत असेल. आम्हाला तो श्रीमंती वाटायचा, कारण त्याआधी आमच्या घरात एवढे रंग कधी आलेच नव्हते.

नवेपण हीच त्या दशकाची खरी स्टाइल होती, असं मला वाटतं. आपल्या गोव्यात तर फारच. कदंबच्या बसेस १९८० पासूनच्या, म्हणजे माझ्या लहानपणी त्या कोऱ्या करकरीत होत्या. रंगीत टीव्ही १९८२ च्या एशियाडबरोबर आला. मांडवीच्या काठावरची वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची कला अकादमी १९८३ ची. त्याच वर्षी राष्ट्रकुल परिषदेचे, म्हणजे 'चोगम'चे, पाहुणे गोव्यात आले, रस्ते गुळगुळीत झाले. पर्वरीहून साळगावमार्गे कळंगुटला जाणाऱ्या रस्त्याला आजही आपण चोगम रोडच म्हणतो ना! आणि ३० मे १९८७ ला तर अख्खं राज्यच नवं झालं. असल्या दशकावर धूळ मारून कशी चालेल?

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. कला विभागवाले ऐंशीचं घर उभं करतात तेव्हा त्यात फक्त ऐंशीच्या वस्तू मांडतात. टेलिफोन, कॅसेट, टीव्ही, भिंतीवर त्या वर्षीचं कॅलेंडर. पण खऱ्या घरात कुठला एकच काळ कधी राहतो का? आमच्या स्वयंपाकघरात आजी आदोळीवर नारळ खवायची आणि तिच्या हाताच्या अंतरावर नवा मिक्सर होता. न्हाणीत तांब्याचं भाण होतं, आजीच्या लग्नातलं. सोप्यावर पणजोबांची शिसवी आरामखुर्ची, त्यावर पणजीने नव्हे तर माझ्या काकीने भरतकाम केलेली नायलॉनची उशी.

चवथीची एक रात्र मी विसरूच शकत नाही. काकांनी म्हापशाहून रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणल्या होत्या, रिक्षातून, मांडीवर धरून. आरत्या झाल्या, भजन झालं, वाड्यावरची सगळी माणसं सोप्यावर दाटीवाटीने बसली. व्होल्टेज कमी, त्यामुळे स्टॅबिलायझर सारखा टक् टक् करायचा. चित्राच्या खालच्या अंगाला पांढऱ्या रेघांचा एक पट्टा थरथरायचा आणि चुलतभाऊ पुढे बसून ट्रॅकिंगची चकती बोटाच्या टोकाने केसभर पुढे, केसभर मागे फिरवत राहायचा. पट्टा गेला की सगळे "हां हां, आता हात काढ!" म्हणून ओरडायचे. दिवे मालवलेले. गणपतीसमोर समई. आणि वर माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळांची चौकट, बांधलेली, सुपारीचे घड, तोरिंगं, कांगलां, रानातली कसली कसली फळं. मी मान वर करून बघितलं तर टीव्हीचा निळा उजेड त्या फळांवर नाचत होता. एका बाजूने समईचा सोनेरी, दुसऱ्या बाजूने पडद्याचा निळा. तोरिंगाच्या खडबडीत सालीवर दोन्ही रंग एकाच वेळी दिसत होते.

मला विचाराल तर ऐंशीचं दशक असं दिसायचं. हा उजेड मी अजून एकाही सिनेमात पाहिलेला नाही.

जमत नाही असं म्हणाल तर जमवलेलं आहे लोकांनी. श्याम बेनेगल यांनी १९८५ मध्ये 'त्रिकाल' केला तो लोटलीला, व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या घरात. गोष्ट १९६१ ची, म्हणजे तेव्हाही मागचाच काळ. पण छायाचित्रकार अशोक मेहतांनी ते घर मेणबत्त्या आणि दिव्यांच्या उजेडात असं टिपलं की काळ दाखवायला त्यावर वेगळा डाग पाडावा लागला नाही. माणसं त्या घरात राहतात असं वाटतं. आणि अलीकडचा आपला कोकणी 'नाचोंया कुंपासार' बघा, २०१४ चा. साठच्या दशकाच्या आसपासचं गोवं आणि मुंबई, आपल्या संगीतकारांची दुनिया. त्याला प्रॉडक्शन डिझाइनचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते उगाच नाही. थिएटरात माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने पडद्यावरच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "आमगेलेंच घर." लोकवर्गणीने, ओळखीपाळखीने वस्तू गोळा करून केलेला सिनेमा, मोठमोठ्या बॅनरना जमलं नाही ते त्यांनी केलं. मग आपल्या ऐंशीच्या दशकाला हे भाग्य का नाही?

संगीताचंही तसंच होतं. आजच्या रेट्रो सिनेमात सिंथेसायझर वाजला की प्रेक्षकाला ऊब वाटते, जुनं काहीतरी वाटतं. तेव्हा तो आवाज परका होता, थोडा थंड, अंतराळातून आल्यासारखा, आणि म्हणूनच अंगावर काटा यायचा. त्याआधीची कितीतरी वर्षं मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात आपले गोंयकार व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवत होते. मझोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा, अशी किती नावं घ्यावीत. चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, शिकलेली ही माणसं. एका यंत्रातून चाळीस व्हायोलिनांचा आवाज निघायला लागल्यावर हळूहळू त्या मोठ्या वाद्यवृंदांची गरजच संपत गेली. ऐंशीच्या त्या चमकत्या सुरावटीच्या मागे आपल्याच माणसांची मिटलेली व्हायोलिनची पेटी आहे. ऐंशीवरच्या एखाद्या सिनेमात ती पेटी कोपऱ्यात तरी दिसावी, एवढी माझी इच्छा आहे.

आणि फेरीबोट! १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला. नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. मधली सगळी वर्षं आम्ही बारदेशकर बेतीहून फेरीने पणजीला जात होतो. सिनेमाला जायचं म्हणजे अस्नोड्याहून म्हापसा, म्हापशाहून बेती, मग फेरीची रांग, मग पलीकडे उतरून चालत थिएटर. 'जलवा' बघायला आम्ही असेच गेलो होतो, १९८७ साली, शिवोलीचा रेमो फर्नांडिस गायलाय म्हणून. आमच्या बारदेशचा माणूस हिंदी सिनेमाचं टायटल साँग गातो, याचं अप्रूप आज कुणाला कळणार नाही. फेरीचं लोखंडी दार धाडकन खाली पडायचं, स्कूटर पुढे सरकायच्या, आणि माणसं? माणसं सगळी नवे कपडे घालून. दादाचा शर्ट इस्त्रीचा, आईच्या केसांत अबोलीची फाती, नदीवरचा वारा पदर उडवतोय आणि ती एका हाताने पदर, दुसऱ्या हाताने मला धरून उभी. पोपटी साडी, केशरी फुलं, मागे पावसाळ्यातली लाल-गढूळ मांडवी. थिएटरात शिरण्याआधीच आमचा अर्धा सिनेमा झालेला असायचा.

पणजीच्या सिने नॅशनल थिएटरवरून आज जाते तेव्हा त्या पडक्या इमारतीकडे बघवत नाही. पण डोळे मिटले तर मला ती पडकी आठवत नाही, तिकिटाच्या खिडकीसमोरची धक्काबुक्की आठवते.

त्या मुलांनी सामान परवा परत आणून दिलं. शब्दाची पक्की निघाली. टू-इन-वन मी ओल्या फडक्याने पुसला, तासाभरात पुन्हा चकचकला. कव्हरचे चहाचे डाग मात्र गेले नाहीत, तीनदा धुऊनही.

जाताना त्यांना थांबवलं आणि ट्रंकेतली आईची ती साडी काढून दाखवली. १९८६ ची. घडीवर जराशी विरली आहे, बाकी रंग तसाच आहे. मोठा मुलगा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. "एवढा भडक?" म्हणाला. मी म्हटलं, एवढाच. मग त्याने मोबाइलवर दोन फोटो काढले, आणि जाता जाता दारातून मागे वळून विचारलं, "मावशी, बेतीची ती फेरी, रांग नेमकी कुठून लागायची?"

येत्या रविवारी त्याला घेऊन बेतीच्या धक्क्यावर जाणार आहे.